खेळ नंतर ठरवा, आधी घराजवळचं मैदान शोधा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला घर, मिस्टरांची अंबडला शिफ्ट ड्युटी, तुमचं ऑफिस सीबीएस बसस्थानकाजवळ आणि घरी पोचायला सात. नऊ वर्षांच्या मुलाचं वजन वाढतंय, खोकला अधूनमधून चालूच, शाळेतून आला की हातात मोबाइल. गंगापूर रोडची क्रिकेट अकादमी, पोहणं की कराटे, यातलं काय लावू आणि अभ्यास मागे पडेल का, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं अशाच धावपळीत वाढली, आता कॉलेजात आहेत. आमच्या कॉलनीतल्या पोरांचा संध्याकाळचा खेळ अजूनही मीच बघते. त्या अनुभवावर लिहिते. जरा लांबेल.

गंगापूर रोड डोक्यातून काढून टाका. अकादमी उत्तम असेल, तो मुद्दाच नाही. संध्याकाळी सहाच्या गर्दीत पाथर्डी फाट्याहून मुंबई नाक्यावरून पलीकडे जायचं, तिथे तासभर थांबायचं आणि परत यायचं, म्हणजे घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली. पहिला महिना उत्साहात निघतो. मग मिस्टरांना सेकंड शिफ्ट लागते, तुमच्याकडे मार्चएंड येतो, पाऊस सुरू होतो. आठवड्याचे तीन दिवस हळूहळू एकावर येतात आणि फी भरली आहे म्हणून पोराला बोलणी बसतात. अशी घरं मी खूप पाहिली. त्यात त्या आईबापांचा दोष नसतो, अंतराचा असतो. आपल्यासारख्या नोकरदारांनी आधी अंतर बघावं. मूल चालत, सायकलवर किंवा शेजारच्या आजोबांबरोबर दहा मिनिटांत पोचेल असं मैदान शोधा आणि तिथे जो खेळ चालतो तो खेळू द्या. खो-खो चालत असेल तर खो-खो, फुटबॉल असेल तर फुटबॉल.

याला आरोग्याचंही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात हाडं-स्नायू बळकट करणारा जोरकस व्यायाम असावा. उड्या मारणं, चढणं, जोरात पळणं, सगळं त्यात आलं. म्हणजे हिशेब रोजचा आहे. आठवड्यातून तीनदा लांबच्या क्लासला जाणारं मूल उरलेले चार दिवस सोफ्यावर असेल तर हा हिशेब जमत नाही.

शिवाय त्या तासाभरात मूल खरंच किती पळतं? कुठलाही क्लास लावण्याआधी एक दिवस कडेला बसून बघाच. तुमच्या मुलाच्या वयाचं एखादं मूल हेरा आणि ते किती वेळ हलतं, किती वेळ रांगेत उभं राहतं ते घड्याळ लावून पाहा. क्रिकेटच्या नेट्समध्ये मुलं जास्त आणि नेट्स कमी असतील तर लहान पोराच्या वाट्याला थोडीशी बॅटिंग येते, बाकी वेळ चेंडू आणून द्यायचे. क्रिकेटचं मला वावडं नाही. गोल्फ क्लबच्या क्रिकेट मैदानावर रणजी सामना असला की आमचं अख्खं घर तिथे असायचं. पण वजन वाढत असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लंगडी, खो-खो, कबड्डी, फुटबॉल जास्त देऊन जातात, कारण त्यात उभं राहायला जागाच नाही.

आता गटाबद्दल. मूल मैदानावर आरोग्यासाठी जात नाही. ओम येणार, रिया येणार, काल हरलो त्याची आज परतफेड करायची आहे, म्हणून जातं. मोबाइल हातातून सोडवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय मला एकच माहीत आहे: साडेपाचला खालून कुणीतरी नावाने हाक मारणं. ती हाक जमवणं हे आपलं काम. तुमच्या बिल्डिंगमध्ये, शेजारच्या गल्लीत त्याच वयाची चार-पाच मुलं नक्की असतील. त्यांच्या आयांना एका रविवारी चहाला बोलवा. कुणाला कोणत्या दिवशी लवकर सुटता येतं, कुणाच्या घरी आजी-आजोबा आहेत, कुणाची फर्स्ट शिफ्ट आहे, हे कागदावर मांडा. फर्स्ट शिफ्टवाला बाप दुपारी घरी आलेला असतो, त्याचा आठवडा त्याच्याकडे. रोज एक मोठं माणूस मैदानावर हवंच, ते सोडू नका. पण ते रोज तुम्हीच असण्याची गरज नाही. गटात मूल आणखीही शिकतं. डाव गेला की बाहेर बसायचं, आपल्यापेक्षा लहान पोराला सांभाळून घ्यायचं, भांडण आपसात मिटवायचं. त्यात मोठ्यांनी लगेच पडू नये. मारामारी किंवा एकाच मुलाला सारखं चिडवणं दिसलं तर मात्र त्याच दिवशी थांबवा. वजनावरून चिडवणं तर अजिबात चालवून घेऊ नका, घरात प्रेमाने म्हटलेलं ‘जाड्या’ सुद्धा नाही. मुलं त्याच कारणाने खेळ सोडतात.

खोकल्याकडे मी सहज बघणार नाही. लहान मुलांना वर्षातून पाच-सात वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे, त्यात शाळा नवी असेल तर जास्तच. पण खोकला रात्री किंवा पहाटे वाढतो का, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर येतो का, छातीत शिटीसारखा आवाज येतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दमा असू शकतो. नसला तर उत्तमच. असला तरी घाबरू नका, पंप (इनहेलर) लागला म्हणजे खेळ बंद असं मुळीच नाही. योग्य औषध चालू असलेली मुलं सगळे खेळ खेळतात. खेळण्याआधी पंप घ्यायचा का, ते डॉक्टर सांगतील. तो पंप दप्तरात पडून न राहता मैदानावर हवा आणि तो कसा द्यायचा हे तिथल्या मोठ्या माणसाला माहीत हवं. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत अशा मुलांना पहाटे पळवू नका. ऊन आल्यावर खेळू दे आणि आधी दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करू दे. नुसतं नाक वाहतंय आणि मूल मजेत आहे तर खेळायला पाठवा. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर घरी ठेवा आणि तापातून उठल्यावर पहिले काही दिवस अर्धाच वेळ. डॉक्टरांकडे जाल तेव्हा उंची-वजन तक्त्यावर मांडून घ्या. वजन उंचीच्या मानाने खरंच वाढलंय की मूल अंगानेच थोराड आहे, हे त्यावरून कळतं. डोळ्यांनी केलेल्या अंदाजावर त्याचं खाणं तोडू नका. खेळायला जाताना केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, पाण्याची बाटली, आल्यावर सरळ जेवण. पावडरी आणि एनर्जी ड्रिंक नकोत. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डेंग्यूचा डास दिवसाउजेडी आणि संध्याकाळी चावतो.

तुमच्या प्रश्नात मुलीबद्दल एकच ओळ आहे: ‘ती सहा वर्षांची आहे, तिला नंतर डान्सला घालू.’ डान्स चांगलाच आहे. पण तिलाही त्याच मैदानावर, त्याच गटात, आत्ताच पाठवा. सहाव्या-सातव्या वर्षी ज्या मुली पळायला, पकडायला, पडायला शिकत नाहीत त्यांना दहाव्या वर्षी मैदानाचा संकोच वाटतो. बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली की उरलेल्याही गळतात, कारण मैदानाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मैदान निवडताना मी हे आधी बघते. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. आदिवासी पाड्यावरची मुलगी तिथवर पळत गेली, आणि आपल्या मुली सोसायटीच्या गेटपर्यंत गाडीने जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘आत्ताच एक खेळ पकडला नाही तर उशीर होईल’ ही भीती अकादमीवाले घालतात. बुद्धिबळ, जिम्नॅस्टिक्ससारख्या थोड्या गोष्टी लवकर सुरू कराव्या लागतात, हे खरं. बाकी बहुतेक खेळांत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की साधारण १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. एकाच हालचालीचा मारा वाढत्या हाडांना सोसत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. सैन्यात भरती झाल्यानंतर त्याने वल्हं हातात घेतलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक नौकानयनात सुवर्णपदक जिंकलं. पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यातला हा मुलगा. त्यामुळे नऊ वर्षांच्या पोराचं काहीही हुकलेलं नाही.

पोहणं मात्र शिकवाच, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत. आपण गोदावरीकाठची माणसं, मुलं मोठी झाली की मित्रांबरोबर गंगापूर धरणाकडे, सोमेश्वरला जातातच. पाण्यात जीव वाचवण्याइतकं प्रत्येकाला यावं. जीवरक्षक हजर असलेला तलाव निवडा, महिना-दोन महिने रोज पाठवा. वर्षभर गाडीतून ने-आण करायची गरज नाही. कराटे आवडत असेल तर आठवड्यातून एकदा ठीक आहे, पण ते सहसा बंद हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली चालतं. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून मैदानाची जागा हॉलला देऊ नका.

आणि रविवार. पांडवलेणी तुमच्या दारात आहे! सकाळी चौघं मिळून चढा, खाली वनोद्यानात डबा खा. मिस्टरांना शिफ्टमुळे आठवडाभर मुलं झोपलेलीच दिसत असतील, त्यांच्यासाठीही ते हवं आहे.

अभ्यासाचं फार लिहीत नाही. संध्याकाळी दमून आलेलं मूल लवकर झोपतं आणि सकाळी वर्गात जागं असतं, एवढं मी खात्रीने सांगते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं ते झोपेसाठीच. तुमची शाळा त्याआधी भरत असेल तर पालकसभेत विचारा, एकट्याने विचारायचं नसेल तर त्याच चहावाल्या आयांना बरोबर घ्या. परीक्षा आली की खेळाचा वेळ कमी करा, बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की ते काय म्हणाले ते इथे लिहा. फाट्याच्या कोणत्या बाजूला राहता तेही सांगा, इंदिरानगरकडे की अंबडकडे. दोन्ही बाजूंना राहणाऱ्या आया इथे आहेत, जवळचं मैदान आणि तिथे मुलं किती वाजता जमतात हे त्या सांगतील.