मध्ययुगीन गटासाठी बचत मोडावी का?

आपल्या पत्राचा सारांश असा. आपण नोकरी करता, घरात कमावणारी व्यक्ती एकच आहे, आई आणि मुलगी आपल्यावर अवलंबून आहेत आणि मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च चार वर्षांनी सुरू होईल. युरोपीय मध्ययुगाचा अभ्यास आपण बरीच वर्षे मनापासून करत आला आहात. आता नऊ मित्रमैत्रिणींना बरोबर घेऊन पंधराव्या शतकातील सैनिकांची छावणी, त्यांची लढाई आणि रोजचे जगणे लोकांसमोर उभे करणारा, म्हणजे ज्याला रीइनॅक्टमेंट म्हणतात तसा, स्थानिक गट आपल्याला स्थापन करायचा आहे. त्यासाठी पोलादी पत्र्याच्या चिलखतांचे दहा संच आणि चार मोठे तंबू घेण्याचा विचार आहे. आपल्या बचतीतून पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आणि आणखी तीन महिन्यांच्या खर्चाइतके वैयक्तिक कर्ज, असा हा एकूण भार आपण एकट्याने उचलणार आहात. जत्रा-महोत्सवांतील आणि शाळांमधील प्रयोगांच्या मानधनातून तो दोन वर्षांत भरून निघेल, असा आपला अंदाज आहे. हा निर्णय योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. आणि ही चिलखते आपली मालमत्ता म्हणून धरता येतील का, असाही प्रश्न शेवटी जोडला आहे.

गट अवश्य स्थापन करा, असेच माझे मत आहे. माणसे जमवून, हाताने वस्तू घडवून आणि पुराव्याला धरून इतिहास दाखवण्याइतके चांगले काम क्वचितच पाहायला मिळते, आणि आपल्या पत्रातली तळमळ वाचून मला मनापासून आनंद झाला. मात्र कर्ज काढू नये आणि सर्वांची चिलखते आपल्या पैशाने घेऊ नयेत, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते.

आधी हिशोब पाहू. आपले मासिक उत्पन्न शंभर मानले, तर आपल्या आकड्यांनुसार घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून ऐंशी जातात आणि वीस शिल्लक राहतात. आठ महिन्यांचा खर्च म्हणजे सहाशे चाळीस, अर्थात आपली बत्तीस महिन्यांची संपूर्ण बचत. त्यातले कर्ज दोनशे चाळीस. ते तीन वर्षांत फेडायचे ठरवले तर व्याज बाजूला ठेवूनही नुसत्या मुद्दलाचा हप्ता सहा-सात इतका येतो, म्हणजे दरमहाच्या शिलकीचा एक तृतीयांश भाग. आपण लिहिता की आज चौदा महिन्यांच्या खर्चाइतकी बचत आहे, त्यातून पाच काढले तरी नऊ उरतात आणि आकस्मिक निधी म्हणून ते पुरेसे आहेत. एकट्याच्या कमाईवर तीन जीव असताना नऊ महिन्यांचा निधी हवा, हे मला मान्य आहे. पण त्याच पत्रात अगदी वरच्या बाजूला आपण सांगितले आहे की मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली, चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम याच चौदांमध्ये धरलेली आहे. ती वजा केली आणि नऊ महिन्यांचा निधी राखला, तर खऱ्या अर्थाने मोकळा पैसा एकाच महिन्याच्या खर्चाइतका उरतो. पाच आणि एक यांतला हा फरक आपल्या नजरेतून सुटला आहे, आणि माझा सगळा सल्ला या एका फरकावर उभा आहे.

आता चिलखताला मालमत्ता म्हणायचे का ते पाहू. आपल्या मालकीची वस्तू म्हणून ते मालमत्ता आहे; अडचणीच्या वेळी पैसा उभा करून देणारी वस्तू म्हणून ते धरू नये. पत्र्याच्या चिलखताचा पूर्ण संच साधारण वीस ते पंचवीस किलोचा असतो आणि तो अंगावर पेलता येतो तो एवढ्याचसाठी, की त्याचा भार सगळ्या शरीरावर वाटलेला असतो. छातीचा पत्रा नेमका कमरेच्या बारीक भागावर टेकला पाहिजे आणि गुडघ्याची वाटी नेमकी गुडघ्यावर आली पाहिजे. ती दोन बोटे खाली सरकली, तर माणसाला पायरी चढता येत नाही. म्हणजे चांगला संच हा एका माणसाच्या मापाचा असतो. आपल्या नऊ सोबत्यांपैकी तिघे दोन वर्षांत गाव बदलून गेले किंवा त्यांचा उत्साह ओसरला, तर त्यांच्या मापाचे तीन संच आपल्याकडे पडून राहतील आणि नव्या तिघांना ते बसतीलच असे नाही. विकायला काढले तर घेणाराही त्याच बांध्याचा शोधावा लागेल. शिवाय पोलादाला गंज चढतो. अशाच एका गटाच्या खोलीत मी एक शिरस्त्राण हातात घेऊन पाहिले होते. बाहेरून ते आरशासारखे घासलेले होते, पण आतले कापडी अस्तर उचलले तेव्हा घामाने ओल्या राहिलेल्या कडेने तांबूस गंजाची एक अखंड रेघ उमटलेली दिसली. तेल, अस्तर बदलणे, तुटलेले चामडी पट्टे आणि निसटलेले रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारे ठोकीव खिळे यांवर दरवर्षी खर्च होत राहतो, आणि आपल्या अंदाजपत्रकात त्यासाठी एकही आकडा नाही.

एकाच माणसाने सगळ्यांचा भार उचलल्यावर काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. ऑगस्ट १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या तेराव्या अर्लने (अर्ल ही तिथली सरदारकीची पदवी) मध्ययुगीन पद्धतीची द्वंद्वस्पर्धा भरवली होती. आदल्या वर्षी पहिल्या बैठकीला सुमारे दीडशे इच्छुक वीर जमले होते. चिलखत, घोडा आणि लवाजमा यांचा खर्च समजत गेला तशी संख्या घटत गेली आणि प्रत्यक्षात तेराच मैदानात उतरले. पहिल्याच दिवशी मुसळधार पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला आणि मेजवानीचा मंडप गळू लागल्यामुळे मेजवानी पुढे ढकलावी लागली. एकूण खर्च तीस ते चाळीस हजार पौंडांच्या दरम्यान सांगितला जातो, आणि त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. अर्ल जमीनदार होता, त्याने ती सोसली. पण पहिल्या बैठकीला होकार देणाऱ्या दीडशेपैकी किती टिकले, हे आपल्या नऊ सोबत्यांचा विचार करताना जरूर लक्षात घ्यावे. त्यांच्या शब्दावर माझा अविश्वास नाही. मात्र आजवर त्यांच्यापैकी कुणीही स्वतःचा पैसा यात घातलेला नाही, आणि खर्च न करता दिलेल्या होकारावर कर्ज उभे करता येत नाही.

मध्ययुगाने स्वतः हा प्रश्न कसा सोडवला होता, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११८१ मध्ये शस्त्रांविषयी काढलेल्या फर्मानात प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे सज्ज राहावे असे ठरवून दिले होते. सोळा मार्कांची (मार्क हे त्या काळचे पैसे मोजण्याचे एकक) मालमत्ता किंवा उत्पन्न असलेल्या स्वतंत्र माणसाने कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला ठेवायचा. दहा मार्कवाल्याने लहान चिलखत, लोखंडी टोपी आणि भाला. आणि बाकीच्या नगरवासी व स्वतंत्र लोकांनी गॅम्बेसन म्हणजे जाड भरीव शिवणीचा अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला. ही शस्त्रे विकायची नाहीत, गहाण टाकायची नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या गटाची आर्थिक घडी याच तत्त्वावर बसवावी असे मी सुचवेन. अंगावरचे जे काही असेल ते ज्याचे त्याने घ्यावे, आपल्या ऐपतीने आणि आपल्या वेगाने. गटाने फक्त सामायिक वस्तू घ्याव्यात, म्हणजे तंबू, स्वयंपाकाची भांडी, सरावाच्या काठ्या आणि प्रथमोपचाराची पेटी. असे केले की कुणी गट सोडला तरी तो आपले सामान घेऊन जाईल आणि आपल्या डोक्यावर काही राहणार नाही.

यात गटाच्या दर्जाला बाधा येते असे मानू नये. पंधराव्या शतकातल्या सैन्यात नखशिखान्त पोलादात मढलेली माणसे थोडी असत, आणि साध्या धनुर्धाऱ्याचा किंवा भालाईताचा वेश पुराव्याला अधिक धरून होऊ शकतो. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातील एका आदेशात सैनिकाच्या अंगरख्यासाठी कापडाच्या तीस, निदान पंचवीस घड्या आणि वर हरणाचे कातडे सांगितले आहे. असा अंगरखा घरी सुईदोऱ्याने शिवता येतो. त्याला मेहनत भरपूर लागते, पैसा बेताचा लागतो, आणि गट जमतो तो असे शिवत बसलेल्या संध्याकाळीच. उलट कड्यांच्या एका सदऱ्यात वीस-तीस हजार कड्या असतात आणि रिव्हेट मारलेल्या कड्यांचा सदरा महाग पडतो. तो ज्याला हवा असेल त्याने दोन वर्षांनी घ्यावा. दोनच गोष्टींत काटकसर करू नये, शिरस्त्राणात आणि हातमोज्यात, कारण सरावात आधी धोका डोक्याला आणि बोटांना असतो.

साधेपणाने सुरुवात केल्याने संस्था खुरटत नाही, याचेही उदाहरण आहे. आज अनेक देशांत पसरलेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम या संस्थेचा आरंभ १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या मागच्या अंगणात झाला. तो मित्रमंडळींचा एक समारंभ होता. संस्थेला नावही नंतर मिळाले, पुढच्या कार्यक्रमासाठी बागेची परवानगी काढताना अर्जावर काहीतरी लिहिणे भाग पडले तेव्हा, आणि ना-नफा संस्था म्हणून रीतसर नोंदणी १९६८ मध्ये झाली. त्यांच्या द्वंद्वांत आजही वेताच्या तलवारी वापरल्या जातात.

नोंदणीबाबत मात्र आपण दोन वर्षे थांबू नये, असे मी म्हणेन. नोंदणी नसलेल्या गटाला बहुतेक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. जागेचा करार, तंबूंचे भाडे किंवा प्रेक्षकाला झालेली इजा यांची जबाबदारी सही करणाऱ्यावर, म्हणजे आज आपल्यावर, येऊ शकते. आपल्या भागातील कायद्यानुसार संस्था नोंदवावी, तिचे स्वतंत्र बँक खाते दोघांच्या सहीने चालवावे, खजिनदार आपल्याखेरीज दुसरा असावा आणि संस्था बंद झाली तर सामायिक साहित्याचे काय करायचे ते पहिल्याच नियमावलीत लिहून ठेवावे. त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचा व नुकसानीचा विमा उतरवल्याशिवाय लोकांसमोर एकही लढाई करू नये.

स्वतःच्या विम्याचेही पाहावे. धोकादायक खेळांत झालेली दुखापत अनेक आरोग्य आणि अपघात विम्यांतून वगळलेली असते. बोथट असली तरी पोलादी तलवार मनगटावर बसली आणि आपण दोन महिने कामावर जाऊ शकला नाहीत, तर आपल्या घरात दुसरे उत्पन्न नाही. विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. मला या सगळ्या योजनेत चिलखतांच्या किमतीपेक्षा या एका गोष्टीची काळजी अधिक वाटते.

मानधनाचा अंदाज मी पहिल्या दोन वर्षांसाठी शून्य धरेन. लोकांसमोर सुरक्षितपणे लढण्याइतका सराव व्हायला वेळ लागतो, आणि पैसे मिळू लागले तरी वाहतूक, विमा आणि दुरुस्ती यांना आधी वाटा द्यावा लागतो. जे काही येईल ते संस्थेच्या खात्यात जावे. आपण घातलेला पैसा त्यातून परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण ती ठेवली की प्रत्येक प्रयोगानंतर मित्रांच्या आणि आपल्यामध्ये हिशोबाची वही येते.

म्हणून माझी सूचना अशी. मोकळ्या एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम, म्हणजे आपल्या मापात ऐंशी, संस्थेला देणगी म्हणून द्यावी आणि तशी पावती घ्यावी. पुढे वर्षभर मासिक शिलकीतून पाच, म्हणजे शिलकीचा चौथा भाग, स्वतःच्या अंगरखा, शिरस्त्राण आणि हातमोज्यांसाठी बाजूला ठेवावा. दोन्ही मिळून वर्षाला एकशे चाळीस होतात, आणि हे सहाशे चाळीसच्या पाव भागाहूनही कमी आहे. मुलीच्या शिक्षणाचा पैसा आजच वेगळ्या खात्यात हलवावा, म्हणजे तो पुन्हा एकूण बेरजेत मिसळणार नाही. सोबत्यांकडून ठरावीक मासिक वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्यावी, ती लहान असली तरी चालेल. सहा महिन्यांनी किती जण ती नियमित देतात ते पाहून मगच तंबूंचा विचार करावा, आणि तोपर्यंत तंबू भाड्याने आणावेत.

कर्जाच्या अर्जावर अजून सही झाली नसेल तर तो मागे घ्यावा. चिलखताच्या कारागिराला आगाऊ रक्कम दिली असेल, तर दहा संचांची मागणी एका शिरस्त्राणावर, आपल्या स्वतःच्या मापाच्या, आणता येईल का ते त्याला याच आठवड्यात विचारावे. विमा कंपनीचे लेखी उत्तर आले की ते मला पाठवावे, म्हणजे सराव कधी सुरू करायचा ते आपण त्यावरून ठरवू.