आजोबांचा जुना जेम रेझर बेळगावच्या घरी सापडलाय. त्याने दाढी नीट कशी करायची?

आधी पात्याचं बघा. खडेबाजारात मिळतात ती दुधारी पाती यात बसत नाहीत. पाठीवर जाड पट्टी असलेलं एकधारी पातंच लागतं, ते ऑनलाइन मागवा. बसवताना दोन्ही कोपऱ्यांतल्या खुंट्यांना टेकलंय ना बघा, तिरकं बसलं की चिरलंच. मग रेझरचं डोकं गालावर जवळजवळ सपाट टेकवा आणि केसांच्या दिशेने आखूड हात मारा. दाबू अजिबात नका, वजन रेझरचंच पुरे. खरखर आवाज येतो, घाबरू नका. बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही. नळाचं किंवा पागोळीचं घ्या, आपल्याकडे पावसाला काय तोटा! वापरून झाल्यावर पातं काढून पुसा, नाहीतर गंजतं.