आठवा खंड आहे का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझे सासरे हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्यांच्या कपाटात भारतीय विद्या भवनाच्या 'द हिस्टरी अँड कल्चर ऑफ द इंडियन पीपल' या ग्रंथाचे दहा खंड आहेत. एकूण अकरा असतात म्हणे. घर विकायचं आहे आणि मुलं बाहेरगावी आहेत. जुन्या पुस्तकांचा एक विक्रेता येऊन गेला. त्यानं चार खंड बाजूला काढले, त्यांचे पैसे देतो म्हणाला. उरलेले रद्दीच्या भावानं. एका वाचनालयात विचारलं, तर 'आमच्याकडे आहेत' असं उत्तर आलं. काय करावं? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: त्या विक्रेत्याला चार खंड देऊ नका. आधी कपाटापाशी जा आणि कोणता खंड नाही ते बघा. बहुतेक आठवा नसेल.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. या ग्रंथाच्या पाठीवरचे आकडे इतिहासकाळाच्या क्रमानं आहेत, पण खंड त्या क्रमानं निघाले नाहीत. पहिला, 'द वेदिक एज', 1951 मध्ये लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविननं काढला. पुढचे खंड भवनानं स्वतः काढले, आणि सहावा, दिल्ली सल्तनतीचा, 1960 मध्ये आला. त्यानंतर मोगलांचा खंड यायला हवा होता. त्याऐवजी नववा आला 1963 मध्ये, दहावा 1965 मध्ये आणि अकरावा 1969 मध्ये. राहिलेला सातवा 1974 मध्ये निघाला आणि आठवा, म्हणजे 'द मराठा सुप्रिमसी', आपल्या मराठ्यांचा खंड, सगळ्यात शेवटी 1977 मध्ये. या कामामागे उभे राहिलेले कन्हैयालाल मुनशी 1971 मध्ये गेले, त्यांना शेवटचे दोन खंड बघायला मिळाले नाहीत. प्रमुख संपादक रमेशचंद्र मजुमदार तेव्हा नव्वदीला टेकले होते.

पहिल्या खंडापासून शेवटच्यापर्यंत 26 वर्षं. तरुण वयात पहिला खंड घेतलेला शिक्षक आठवा येईपर्यंत निवृत्तीला आलेला असायचा. कुणाची बदली व्हायची, कुणी घर बदलायचं, कुणाला वाटायचं की अकरावा आला म्हणजे ग्रंथ पुरा झाला. नाशिकमध्ये घराघरांतून मी असे जे सेट पाहिले, त्यांत हीच जागा पुन्हापुन्हा रिकामी दिसली.

मी 1978 मध्ये एका कॉलेजच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागले. पहिल्याच पावसाळ्यात आठव्या खंडाचं पार्सल आलं. आमच्या मुख्य ग्रंथपालांनी सहाव्या आणि नवव्या खंडाच्या मधे दोन पुस्तकांच्या जाडीचा लाकडी ठोकळा ठेवलेला होता. सातवा आला तेव्हा त्यांनी तो अर्धा कापून घेतला. आठव्या खंडाची दाखल नोंदवहीत नोंद मी केली, शिक्का मारला आणि खंड त्यांच्या हातात दिला. त्यांनी ठोकळा काढला, खंड तिथे उभा केला आणि थोडा वेळ तिथेच थांबले. पंधरा वर्षं ते त्या जागेकडे बघत आले होते. सेट म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

आता पैशाचं. भवन हे खंड पुन्हापुन्हा छापत आलं आहे, म्हणजे पूर्ण सेट नवाही मिळू शकतो. त्यामुळे जुन्या सेटला फार मोठी किंमत येईल अशी आशा धरू नका. संग्राहक जास्त पैसे मोजतो ते काही ठरावीक गोष्टींसाठी: सगळे खंड पहिल्या छपाईचे असणं, पहिल्या खंडाच्या शीर्षकपृष्ठावर लंडनच्या प्रकाशकाचं नाव असणं, कागदी जॅकेट टिकलेली असणं, नकाशे आणि चित्रपानं जागच्या जागी असणं. प्रत्येक खंडाचं शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचं पान मोबाइलवर टिपून ठेवा. पन्नासच्या दशकात छापलेला एखादा खंड आणि ऐंशीच्या दशकातला दुसरा, असा मिश्र सेट असेल तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं.

विक्रेत्यानं चार खंड निवडले, कारण ते सुटे विकले जातात. त्याचा तो धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण ते चार गेले की उरलेले सहा खरोखरच रद्दी होतात. आज तुमच्याकडे एका खंडानं अपुरा सेट आहे. उद्या नुसती सहा जाड पुस्तकं उरतील. माझं ऐका, आठवा खंड शोधा. नंतरच्या छपाईचा मिळाला तरी घ्या आणि 'हा खंड नंतर आणून जोडला' असं आतल्या पानावर पेन्सिलीनं लिहा. एक ताकीद देते: नवव्या आणि दहाव्या खंडाचं नाव एकच आहे, 'ब्रिटिश पॅरामाउंटसी अँड इंडियन रेनेसाँ', फक्त भाग पहिला आणि भाग दुसरा. एका संस्थेत मोजदादीच्या वेळी दहावा खंड 'दुबार प्रत' म्हणून बाद झालेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

वाचनालयाच्या दृष्टीनं या सेटचं मोल वेगळं आहे. यातलं एकेक प्रकरण त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतलेलं आहे. सुरुवातीच्या खंडांना साहाय्यक संपादक म्हणून आपले अ. द. पुसाळकर होते. वंशावळी, नकाशे, प्रत्येक प्रकरणाची संदर्भसूची यांसाठी अभ्यासक आजही हे खंड उघडतात. मजुमदारांची कितीतरी मतं पुढच्या इतिहासकारांनी खोडली आहेत, पण त्यानं मला सेट कमी मोलाचा वाटत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीनं आपल्या देशाचा इतिहास कसा मांडला, हे पाहायचं असेल तर तो त्यांच्याच शब्दांत हवा, आणि सलग हवा.

आणि सासऱ्यांनी पानांच्या कडेला पेन्सिलीनं काही लिहिलं आहे का, ते पाहा. कोणत्या वर्गाला काय सांगायचं, कुठे शंका आली, असं काही असेल तर खोडरबर लावू नका. विक्रेता त्याला डाग म्हणेल. नाशिकमधला एक शिक्षक साठ-सत्तर सालात इतिहास कसा शिकवत होता, याचा दुसरा पुरावा कुठून आणणार?

सेट कुणाला द्यायचा तर मोठ्या ग्रंथालयाच्या मागे लागू नका. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, आणि अशा जुन्या संस्थांना एकच ग्रंथ दोनदा ठेवायला जागा नसते. तालुक्याच्या गावचं एखादं वाचनालय किंवा नवं कॉलेज शोधा. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: दाखल नोंदवहीत अकराही खंडांची नोंद होणार का, ते संदर्भ विभागात एकत्र राहणार का, आणि कधी नकोसे झाले तर एकत्रच दुसऱ्या संस्थेला देणार का. उत्तर कागदावर घ्या.

प्रश्न: मी अंबडला कंपनीत नोकरी करतो, वय 27. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर गो. स. सरदेसाईंच्या मराठी रियासतीचे, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाचे, पाच भाग मिळाले. पाठीवर खंडांचे आकडे नाहीत. 'मध्य विभाग', 'उत्तर विभाग' असं काहीतरी आहे. तीन भागांवर वाचनालयाचा शिक्का आहे. पुठ्ठे निघाले आहेत. बाइंडिंग करून घेऊ का? – एक वाचक, सातपूर

उत्तर: बाइंडिंगचं नाव सध्या काढू नका. त्याबद्दल शेवटी सांगते.

पाठीवरच्या आकड्यांनी गोंधळू नका, जुनी रियासत तशीच आहे. सरदेसाई 1889 मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे नोकरीला लागले. तिथे राजकुमारांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून हे काम वाढत गेलं. मराठी रियासतीचा पहिला भाग 1902 चा आणि शेवटचा 1932 चा. मधल्या तीस वर्षांत नवी कागदपत्रं हाती येत गेली, तसे त्यांनी आधीचे भाग पुन्हा लिहिले. मग विभागांच्या जागी 'शककर्ता शिवाजी', 'उग्रप्रकृति संभाजी' अशी नावं आली. म्हणून रियासतीचा 'पूर्ण सेट' असं कुणी म्हणालं की कोणत्या आवृत्तीचा, हे आधी विचारायचं. पॉप्युलर प्रकाशनानं पुढे स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली आठ खंड काढले. वाचायला तेच घ्या, छपाई चांगली आणि क्रम सरळ आहे. जुने भाग जपायचे ते सरदेसाईंनी स्वतःचीच मतं कुठे आणि कशी बदलली, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं म्हणून. माझ्या मते रियासतीचं खरं मोल यातच आहे, आणि संग्राहकांचंही तिकडे दुर्लक्ष होतं.

सरदेसाई 1959 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क 2019 च्या अखेरीला संपला. नुसता मजकूर हवा असणाऱ्याला आता छापील जुनी प्रत लागतेच असं नाही. हे लक्षात ठेवूनच पैसे मोजा.

शिक्क्याचं नीट बघा. शिक्क्याजवळ 'बाद' असा दुसरा शिक्का, सही आणि तारीख असेल तर वाचनालयानं तो भाग रीतसर काढून टाकला आहे. नसेल तर त्या वाचनालयाला पत्र लिहून विचारा. त्यांचा निघाला तर परत करा. तुमचे पैसे जातील हे कळतं मला, पण त्यांच्या कपाटात त्या जागी खड्डा पडला असेल.

आता बाइंडिंग. 1986 मध्ये मी आमच्या ग्रंथालयातले रियासतीचे जुने भाग हौसेनं बांधायला दिले. बाइंडरनं सगळे भाग एका मापात आणण्यासाठी तिन्ही कडा कापल्या, मूळ कापडी पुठ्ठे टाकून दिले आणि काळ्या रेक्झिनमध्ये सुबक सेट करून आणला. कुणीतरी समासात मोडीत लिहिलेल्या टिपा अर्ध्या कापल्या गेल्या होत्या. सूचना मी दिली नव्हती, चूक माझी होती. आजही तो सेट पाहवत नाही मला. तुम्ही पुठ्ठे त्याच भागासोबत ठेवा, सुती फितीनं बांधा आणि जाड कागदाची पेटी करून त्यात आडवे ठेवा. शिवण सुटली असेल तर फक्त शिवण घालून घ्या. कड कापायची नाही, हे बाइंडरला तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रश्न: आमच्या छोट्या वाचनालयातले इतिहासाचे खंड पुरात भिजले होते. वाळवले, पण चित्रांची पानं एकमेकांना चिकटली आणि उघडत नाहीत. काही उपाय? – एक ग्रंथपाल, सायखेडा

उत्तर: वाळून चिकटलेल्या गुळगुळीत चित्रपानांना घरगुती उपाय नाही. ओढू नका, वाफ देऊ नका. ती तशीच राहू द्या, बाकी खंड वापरता येतो.

पुढच्या वेळेसाठी मात्र सांगते, कारण गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी पुन्हा येणार आहे. 2008 च्या पुरात सराफ बाजारामागच्या आमच्या वाड्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात दिसेनासा होतो तेव्हा आम्ही सामान वर न्यायला लागतो. त्या दिवशी आधी धान्य नेलं, मग पुस्तकं. खालच्या फळीवरचे चार खंड बुडाले. दोन मी लगेच पंख्याखाली उभे केले, पानं पंख्यासारखी उघडून, चित्रपानांच्या मधे कोरा कागद घालून. ओली असतानाच ती पानं सुटी होतात. एकदा वाळली की त्यांवरचा लेप डिंकासारखा धरतो. उरलेले दोन खंड त्या दिवशी हातावेगळे होणार नव्हते. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले. आठवड्यानं एकेक काढून वाळवला. चारही खंड आज उभे आहेत, थोडे फुगलेले आहेत, पण सगळी पानं उघडतात.

उन्हात मात्र वाळवू नका. पानं वाकडी होतात आणि जुना कागद ठिसूळ पडतो. आणि मोठे संच खालच्या दोन फळ्यांवर ठेवू नका. ते जड असतात म्हणून आपण खाली ठेवतो, आणि पाणी तिथेच आधी येतं.

प्रश्न: वडिलांकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेतले चार सुटे खंड आहेत. आकार, कागद एकसारखा नाही. एका खंडात घडी घातलेले दोन मोडी कागद निघाले. टाकून देऊ का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: नाही, अजिबात नाही. हे 22 खंड 1898 मध्ये वाईहून निघायला लागले. पुढचे खंड वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या छापखान्यांत छापले गेले, त्यामुळे आकार आणि कागद सारखा नसायचाच. चार खंड असतील तर चारच ठेवा. सुटा खंड शोधणारे अभ्यासक असतात.

मोडी कागद खंडांपेक्षा मोलाचे असू शकतात. घडी जबरदस्तीनं उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारा, मोडी वाचणारे तिथे भेटतील. आणि कागद बाहेर काढण्याआधी तो कोणत्या खंडात, कोणत्या दोन पानांच्या मधे होता, ते आकडे लिहून ठेवा. ज्यानं तो ठेवला त्यानं त्या पानावरचं पत्र वाचूनच तिथे ठेवला असेल.