गटात एकच जण गणित सोडवतो

प्रश्न : मी सातवीला गणित शिकवते. चार-चार मुलांचे गट करून उदाहरणे दिली, की प्रत्येक गटातील एक हुशार मूल ती सोडवते आणि बाकीची त्याच्या वहीतून उतरवून घेतात. अशा गटकार्याचा उपयोग काय?
– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : दोष मुलांपेक्षा उदाहरणाचा अधिक आहे, असे मला वाटते, कारण जे एकट्याला सहज सुटते, त्यासाठी चौघांनी एकत्र बसण्याची गरजच नसते. आपल्या देवळालीत अनेक वर्षे शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म शोधला, त्याचे तीन अंकी रूप वर्गात देऊन पाहा. प्रत्येकाने तीन अंक निवडावेत, मात्र ते सगळे सारखे नसावेत. उतरत्या क्रमाने मांडलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच कृती करत राहावी. ७३१ पासून निघालेल्याला आधी ५९४, मग ४९५ मिळते आणि पुढे ४९५ च येत राहते; चार अंकांच्या बाबतीत हीच जागा ६१७४ ची. प्रत्येकाची संख्या वेगळी असल्याने उतरवून घेण्यासारखे काही उरत नाही, आणि कोणाचे ४९५ आले नाही, तर वजाबाकी कोठे चुकली हे गटालाच शोधावे लागते. गंमत होते ती २२१ घेणाऱ्याची. त्याला ९९ मिळते. ते दोन अंकी मानले तर पुढे शून्य उरते, ०९९ मानले तर ४९५ गाठता येते. यावर मुले भांडतील. निकाल आपण देऊ नये.

वजाबाकीच्या उत्तरातील मधला अंक दर वेळी ९ च का, हे मात्र जरूर विचारावे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट म्हणजेच ती वजाबाकी, हे उमगायला पूर्ण तास लागला तरी चालेल.

राहिला मेटाकॉग्निशनचा, म्हणजे स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवण्याचा भाग. विद्यार्थी उदाहरण वाचताच एक वाट धरतात आणि ती चुकली तरी सोडत नाहीत, असे अमेरिकेतील गणितशिक्षणाचे अभ्यासक ॲलन शोनफेल्ड यांना आढळले होते. म्हणून गटांमधून फिरताना ते विचारत : नेमके काय करत आहात, ते का करत आहात, त्याचा पुढे उपयोग काय? हे प्रश्न आपण गटातील सर्वांत गप्प मुलाला विचारावेत. मग हुशार मुलाला आधी त्याला समजावून सांगणे भाग पडते. सुरुवातीला उत्तरे मिळणार नाहीत. अभ्यासक्रम मागे पडण्याची भीती रास्त असल्याने यासाठी आठवड्यातील एकच तास राखावा.