लहान मुलांच्या चित्रांतून संशोधन करायचं तर नेमकं कसं?

३ ते ६ वर्षांच्या मुलांना शाळेचं अंगण कसं वाटतं, हे त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली तर कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळेल, पण चित्रांचा गठ्ठा घरी आणून अर्थ लावत बसलात तर नाही. काढता काढता मूल जे बोलतं, ती खरी माहिती.

एका वेळी ३-४ मुलंच घ्या. एकाने मुलांशी बोलायचं, दुसऱ्याने फक्त टिपायचं. कागद मोठा, खडू जाड आणि प्रत्येकाला रंगांचा वेगळा डबा. डबा सामाईक असला की हाताला लागेल तो रंग उचलला जातो, आणि आपण मात्र ‘लालच का?’ यावर डोकं खपवतो. खोडरबर नकोच.

‘अंगणाचं चित्र काढा’ म्हटलंत तर घर-झाड-सूर्य हे पाठ झालेलं चित्र येणार. त्यापेक्षा आधी १० मिनिटं अंगणात फिरा, वाट मुलांना दाखवू द्या आणि आत आल्या आल्या ‘कुठे कुठे थांबलो ते काढा’ म्हणा. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस या संशोधकांनी लहान मुलांचं म्हणणं समजून घ्यायला मांडलेल्या ‘मोझेक’ पद्धतीत असा फेरफटका, मुलांनी टिपलेले फोटो, नकाशे आणि गप्पा एकमेकांशी ताडून बघतात. एकट्या चित्रावर भिस्त नसते.

‘हे काय आहे?’ विचारू नका. तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या कशाच्याच नसतील, तरी तुम्ही विचारलंत म्हणून ते काहीतरी नाव ठोकून देतं. ‘याबद्दल सांग ना’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. (हे गप्प राहणंच मोठ्यांना जमत नाही.) शब्द जसेच्या तसे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, चित्रावर नाही.

काय आधी आलं, काय नंतर, तेही टिपा. समजा, एकीने घसरगुंडी काढली, वर दोन मुली काढल्या आणि मग सगळं काळ्याने गिरवलं. नुसता कागद बघणारा ‘भीती’ असं लिहून मोकळा होईल. गिरवताना ती ‘आता रात्र झाली, सगळ्या घरी गेल्या’ म्हणत होती, हे फक्त टिपणात सापडेल.

पालकांची लेखी संमती घ्याच, पण मूल मध्येच उठून गेलं तर तो त्याचा नकार समजा. मूळ चित्र त्याला परत द्या, तुम्ही फोटो ठेवा. दोन-तीन दिवसांनी तोच फोटो दाखवून पुन्हा विचारा. गोष्ट बदललेली असेल तर आधीची खोडू नका. दोन्ही तारखेसकट ठेवा.