अमेरिकेतली ख्रिस्ती कॉलेजं एवढी कडक, मग त्यांच्या प्रमुखांचीच लफडी कशी बाहेर येतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भाचीला अशाच एका इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) कॉलेजात प्रवेश मिळतोय, आणि 'हे सगळं ढोंगच असतं का?' असंही विचारलंय. मी नगरची, मराठी ख्रिस्ती. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. शिष्यवृत्तीवर अमेरिकेच्या दक्षिणेत अशा एका कॉलेजात दोन वर्षं काढली. कॉलेजचं नाव सांगणार नाही, तेवढं समजून घ्या.

पहिल्याच दिवशी हातात नियमांची पुस्तिका पडली. रात्री अकराला दिवे बंद, चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थना, चुकलं तर गुण वजा, शनिवारी खोलीची तपासणी. तपासायला येणारी मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायची, बोटाला धूळ लागली की पिवळी चिठ्ठी फाडून टेबलावर. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला मी आईची नारायणपेठ नेसले, तर वॉर्डनबाई सेफ्टी पिनांची डबी घेऊनच आल्या. पोट दिसतंय म्हणे. सात पिना लावल्या त्यांनी, मी मोजल्या. लावता लावता 'काय सुंदर रंग आहे गं' हेही चाललेलं. मला रागाऐवजी आमच्या आत्याच आठवल्या.

त्या बाईंना मी ढोंगी म्हणणार नाही. जे सांगत, ते त्या स्वतः पाळत. फ्लॉरिडातल्या पेन्साकोला ख्रिश्चन कॉलेजात मुलामुलींचे जिने वेगळे, लिफ्ट वेगळ्या असत, हे वाचून लोक हसतात. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात तर विद्यार्थ्यांसाठी पहिला नाच २००३ साली झाला, आणि ते कॉलेज १८६० चं. मला यात विक्षिप्तपणा दिसतो, लबाडी नाही. आपल्याकडच्या मुलींच्या वसतिगृहांत राहिलेल्या बाईला यात नवल वाटण्यासारखं फारसं नाही.

लबाडी वरच्या मजल्यावर सुरू होते. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गची लिबर्टी युनिव्हर्सिटी घ्या. जेरी फॉलवेल यांनी १९७१ मध्ये काढली. २००७ मध्ये ते वारले आणि गादी मुलाकडे गेली, धाकट्या जेरी फॉलवेलकडे. चर्च दुसऱ्या मुलाकडे. सहकारी साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था मुलांत कशी वाटली जाते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. धाकटे फॉलवेल वकील, धंद्यात हुशार. ऑनलाइन अभ्यासक्रमांवर त्यांनी संस्था एवढी वाढवली की कर्ज विसरा, पैसा कुठे ठेवायचा हा प्रश्न. विद्यार्थ्यांसाठी 'लिबर्टी वे' नावाची आचारसंहिता होती: दारू नाही, लग्नाबाहेर संबंध नाहीत, मोडली तर दंड.

ऑगस्ट २०२० मध्ये याच माणसाने इन्स्टाग्रामवर स्वतःचा फोटो टाकला. बोटीवरची पार्टी, पॅंटची चेन उघडी, एक हात बायकोच्या सहायकेच्या कमरेवर, दुसऱ्या हातात काळसर पेयाचा ग्लास. खाली खुलासा की हे नुसतं काळं पाणी आहे. सक्तीची रजा मिळाली. त्याच महिन्यात मायामीतल्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावावर काम केलेल्या तरुणाने रॉयटर्सला सांगितलं की त्याचे फॉलवेलबाईंशी अनेक वर्षं संबंध होते आणि नवऱ्याला ते माहीत होतं. संबंध होते हे फॉलवेलनी मानलं, आपला त्यात सहभाग असल्याचं नाकारलं. राजीनामा दिला, आणि करारानुसार आपल्याला सुमारे १ कोटी ५ लाख डॉलर मिळतील असं स्वतःच वर्तमानपत्राला सांगितलं. दारूच्या एका घोटासाठी दंड भरणाऱ्या पोरांनी हे वाचलं असेल तेव्हा काय वाटलं असेल?

पण मला विचाराल तर लिबर्टीची खरी गोष्ट तो फोटो नाही. ती मार्च २०२४ ची. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती दडवल्याबद्दल केंद्राच्या शिक्षण खात्याने संस्थेला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला. अशी माहिती जाहीर करायला लावणाऱ्या कायद्याखालचा तो तोवरचा सगळ्यात मोठा दंड. खात्याच्या तपासात निघालं की लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्यांनाच 'लिबर्टी वे' मोडली म्हणून शिक्षा झाल्या, आणि अत्याचार करणारे सुटले. म्हणजे मुलगी सांगायला गेली की तिलाच आधी विचारायचं, तू त्या पार्टीत दारू प्यायली होतीस का? नियम चारित्र्यासाठी लिहिलेला, कामाला आला तोंड बंद करायला.

माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडेही असंच झालं. एका वरिष्ठ माणसाने 'कौटुंबिक कारणामुळे' राजीनामा दिला. चॅपलमध्ये त्याच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थना झाली. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरची एक मुलगी सामान भरताना दिसली. तिच्या टेबलावर पिवळी चिठ्ठी नव्हती, छापील पत्र होतं. वर्तनाची प्रतिज्ञा मोडल्याबद्दल. या दोन गोष्टींचा संबंध वसतिगृहात सगळ्यांना माहीत होता, चॅपलमध्ये कुणालाच नव्हता. तिच्या बॅगेची चेन लागत नव्हती. मी वर गुडघा ठेवून ती लावून दिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

यामागे एक वाक्य असतं, आणि ते आमच्या मराठी मंडळ्यांतही (म्हणजे चर्चांतही) ऐकू येतं: 'सेवेला डाग लागायला नको.' त्याला वचनाचा आधार देतात, देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्याने निवडलेल्या माणसाला, हात लावू नये. ख्रिस्ती प्रचारक रवी झकरायस हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९४६ चा, मद्रासचा. अटलांटात मोठी संस्था, जगभर व्याख्यानं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचे व्हिडिओ दर रविवारी यायचे. 'डॉक्टर' म्हणून मिरवले, पण पदव्या सन्मानार्थ मिळालेल्या. मे २०२० मध्ये वारले, तेव्हा श्रद्धांजलीला अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स बोलले. नऊ महिन्यांनी त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. मसाज करणाऱ्या बायकांवर अत्याचार, फोनमध्ये अशा २०० हून अधिक बायकांचे नंबर. एका बाईने सांगितलं की त्यांनी तिला बजावलं होतं, तू बोललीस आणि माझं नाव खराब झालं तर लाखो आत्म्यांचं तारण हुकेल, आणि त्याला जबाबदार तू असशील.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचलंय. धमकी कशी द्यावी हे गुंडाला नसेल जमलं इतकं इथे जमलंय.

आणि कुणाला वाटेल एकेक माणूस वाईट निघाला, तर तसंही नाही. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ. मे २०२२ च्या अहवालात निघालं की त्यांच्या मुख्य कार्यालयात अत्याचाराचे आरोप असलेल्या ७०० हून अधिक जणांची यादी वर्षानुवर्षं ठेवली जात होती. पीडित विचारायला आले की उत्तर ठरलेलं: आमच्यात प्रत्येक मंडळी स्वायत्त, वरून आम्हाला काही करता येत नाही. बिशप नाही, वरचं कुणी नाही, विश्वस्त म्हणजे पाळकाचेच मित्र. बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, परूशांना (त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना) म्हटलंय ना, मुरकूट (चिलटासारखा किडा) गाळता आणि उंट गिळता. उंट गिळायला अशी मोकळी जागा लागते.

मतं बदलतात तीही कशी बघा. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीत गोऱ्या-काळ्यांनी एकमेकांबरोबर फिरायला बंदी होती, बायबलच्या आधाराने. त्यापायी करसवलत गेली, १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात ८ विरुद्ध १ ने हरले, तरी नियम हलला नाही. २००० साली निवडणुकीच्या प्रचारात जॉर्ज बुश तिथे भाषणाला गेले, देशभर बोभाटा झाला, आणि महिन्याभरात तिसरे बॉब जोन्स लॅरी किंगच्या कार्यक्रमात म्हणाले, नियम रद्द. (हो, तिसरे. पहिले आजोबा, दुसरे वडील.) कोर्टाला जमलं नाही ते टीव्हीला जमलं.

तरी सगळंच ढोंग असं मी म्हणणार नाही. आम्हाला ग्रीक शिकवणारे सर खटारा गाडीतून यायचे आणि सुट्टीत घरी न जाऊ शकणाऱ्या आम्हा सगळ्यांना जेवायला बोलवायचे. झकरायस प्रकरणही इव्हँजेलिकलांच्याच 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाने लावून धरलं. आमच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर बाप्तिस्म्याला दोन वर्षं होतात न होतात तोच, १८८५ मध्ये, इंग्लंडातल्या सिस्टरांना लिहून टाकलं होतं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. श्रद्धा सोडली नाही बाईंनी, मानही वाकवली नाही. मला ते जमलं नाही तेव्हा.

आता भाचीचं. नियमांची पुस्तिका वाचून घाबरू नका, ती सवयीची होते. विश्वस्त मंडळाची यादी बघा, त्यात प्रमुखाचं आडनाव किती वेळा येतं ते मोजा. तक्रार द्यायची झाली तर ती कुणाकडे जाते, आणि तक्रार करणाऱ्या मुलीला दारू किंवा वेळेच्या नियमाखाली शिक्षा होणार नाही असं लेखी आहे का, हे ईमेलवर विचारा. फोनवर गोड बोलतात. कॉलेज सरकारी मदत घेत असेल तर कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल त्यांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावाच लागतो, तो मागा. काही कॉलेजं मदत घेतच नाहीत, त्यांना हे बंधन नाही. तिथे मी जरा जास्त चौकशी करीन.

साडी नेणार असेल तर खुशाल नेऊ द्या. पिना तिथे मिळतात.