कवितासंग्रहाचं ईबुक करताना ओळी आणि कडवी अंध वाचकांना कळतील अशी कशी मांडावीत?

प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद करावी, की पूर्ण कडव्याचा एक परिच्छेद करून ओळी तोडाव्यात, असं तुम्ही विचारलंय. दुसरा पर्याय घ्या. मी पहिल्या कवितासंग्रहात दोन्ही न करता तिसराच घोळ घातला होता, तो आधी सांगतो.

ईपब, म्हणजे ईबुकची फाइल, आतून वेबपानंच असते. मी प्रत्येक ओळ स्पॅन टॅगमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा दाखवणारी खूण) ठेवली आणि सीएसएसने (पानाची सजावट ठरवणारे नियम) ती खालच्या ओळीवर ढकलली. पडद्यावर सगळं देखणं. जन्मांध असलेली माझी एक मैत्रीण ते ज्या ॲपवर ऐकत होती, त्याने माझं सीएसएस बाजूला ठेवलं. तिचा फोन आला, "अरे, हा संग्रह आहे की निबंध? आणि 'तीसांज' म्हणजे काय?" मूळ ओळी साधारण अशा होत्या (या आत्ता रचल्यात, पण गोम तीच):

उंबऱ्यावर थांबली ती
सांज होती

ओळ तुटली की कुणी एक बाई उंबऱ्यावर थांबली आहे आणि वेळ संध्याकाळची आहे. सलग वाचलं की थांबली ती खुद्द सांजच. माझ्या फायलीत दोन स्पॅनच्या मध्ये साधी मोकळी जागाही नव्हती, म्हणून शब्दसुद्धा चिकटले. ओळ फक्त सजावटीत होती, मजकुरात नव्हतीच.

आता मी असं करतो: कडवं म्हणजे एक पी टॅग (परिच्छेदाची खूण), प्रत्येक ओळ स्पॅनमध्ये आणि दोन स्पॅनच्या मध्ये बीआर (ओळ तोडणारी खूण). स्पॅनला सीएसएसने ब्लॉक करायचं, म्हणजे तो स्वतंत्र ओळीवर येतो, आणि त्यामागचा बीआर सीएसएसनेच लपवायचा, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर रिकामी ओळ दिसते. सीएसएस चाललं तर ब्लॉकमुळे ओळ तुटते, नाही चाललं तर बीआर आहेच. शिवाय मोबाइलवर लांब ओळ दुमडली तर दुमडलेला भाग थोडा आत सरकवता येतो. ही युक्ती माझी नाही, जुनी इंग्रजी पुस्तकं मोफत काढणारे स्टँडर्ड ईबुक्सवाले असंच करतात.

प्रत्येक ओळीला वेगळा पी दिला तर ओळी ऐकू येतील, पण कडवं हरवेल. वाचक पुढच्या परिच्छेदावर गेला की पुढच्या कडव्याऐवजी पुढचीच ओळ लागेल. कडव्यांमधली जागा मार्जिनने सोडा. त्यासाठी रिकामे परिच्छेद टाकले तर एनव्हीडीएवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा, संगणकावरचा स्क्रीन रीडर) बाणाने खाली येणाऱ्याला दर वेळी 'ब्लँक' ऐकावं लागतं.

ऐकताना थांबा यावा म्हणून ओळीच्या शेवटी स्वल्पविराम घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. अजिबात ऐकू नका. अंध वाचक नुसता ऐकत नाही. तो अक्षर-अक्षर तपासतो, ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतो. कवीने न दिलेला स्वल्पविराम तुम्ही त्याच्या बोटाखाली का ठेवावा? सलग ऐकताना ओळीपाशी विराम कमी-जास्त होतो, ते त्या आवाजावर सोडून द्या.

प्रत्येक कवितेचं शीर्षक खरं हेडिंग करा, अक्षर नुसतं ठळक करून भागत नाही. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की पुढची कविता, संग्रह चाळायची हीच रीत. आणि पुस्तकाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर हिंदी किंवा इंग्रजी आवाज तुमची कविता वाचायला घेईल.

आपल्याकडची खरी डोकेदुखी मात्र वेगळीच. प्रेसकडून आलेली जुनी फाइल बहुतेक वेळा बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असते. दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, आणि स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग प्रत्येक ओळ मुद्रित प्रतीशी ताडून पाहा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. अख्खं पान चित्र म्हणून टाकायचा मोह झाला तर तोही आवरा.

संग्रहात अभंग असतील तर शेवटचे ॥१॥, ॥२॥ काढू नका. ऐकताना मध्येच 'एक', 'दोन' येतं खरं, पण तो मजकुराचाच भाग आहे. मी मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे, त्यावरूनच कळतं कुठवर आले."

शेवटी, अंध वाचकांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या संस्थेचं एस (Ace) हे मोफत साधन फाइलवर चालवा. हेडिंग, भाषा, चित्रांची वर्णनं यातल्या चुका ते पकडतं. ओळ चुकीच्या जागी तुटली असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी एनव्हीडीए उतरवून घ्या (तेही मोफत आहे), पडदा बंद करा आणि एक कविता खाली-बाण दाबत ऐका. मग तीच फोनवर टॉकबॅकने, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने. मला पहिल्यांदा एका कवितेला वीस मिनिटं लागली आणि त्यात चार चुका सापडल्या.